चरणाऱ्या मेंढरांना वरचा खुराक: काय, किती आणि कधी थांबायचं

खुराक म्हटलं की बरेच जण डायरेक्ट मक्याच्या आणि पेंडीच्या पोत्याकडे बघतात. माझं म्हणणं आहे आधी गवताकडे बघा. मेंढरू दिवसभर चरतं, त्याच्या पोटात जाणाऱ्या चाऱ्यातला मोठा वाटा गवताचाच असतो आणि तुम्ही संध्याकाळी ओंजळभर जे टाकता ते त्या गवतात जे कमी आहे तेवढंच भरून काढायला असतं, गवताची जागा घ्यायला नाही. हे डोक्यात बसलं नाही ना, तर पोती रिकामी होतात आणि कोकरं तिथंच राहतात, मग लोक म्हणतात खुराकाचा काय फायदा नाही. मी पण पहिली दोन वर्षं हेच म्हणायचो.

गवतात काय कमी आहे हे कळायला लॅबच पाहिजे असं काही नाही. गवत पिवळं पडलंय, काडी झालीय, बी झडून गेलंय, तर त्यात प्रोटीन जवळजवळ संपलेलं असतं, ३ ते ५ टक्के राहतं. मेंढराच्या लेंड्या बारीक, कडक, कोरड्या आणि फोडून बघितल्या तर आत नुसता काडीकचरा दिसतो, तेव्हा समजायचं की प्रोटीनची ओढ आहे. उलट गवत कोवळं लुसलुशीत असेल, लेंड्या चिकटून गोळा पडत असतील किंवा पातळ असतील, तर प्रोटीन भरपूर आहे, पण त्या गवतात पाणीच ८०-८५ टक्के असतं त्यामुळं पोट भरतं आणि तरी अंगाला लागत नाही. पहिल्या केसमध्ये पेंड पाहिजे, दुसऱ्या केसमध्ये धान्य. लोक नेमकं उलटं करतात, वाळक्या गवतावर नुसता मका घालतात कारण मका दिसायला ताकदीचा वाटतो.

हे का होतं ते थोडं सांगतो कारण ते कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. मेंढी स्वतः गवत पचवत नाही, तिच्या कोठीपोटातले, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले, बॅक्टेरिया पचवतात, म्हणजे तुम्ही खरं तर त्या बॅक्टेरियाला जेवू घालताय. त्यांना वाढायला नायट्रोजन लागतो आणि तो चाऱ्यातल्या प्रोटीनमधून येतो. एकूण आहारात प्रोटीन साधारण ७ टक्क्यांच्या खाली गेलं की त्यांची संख्या घटते, काडी पोटात पडून राहते, लवकर पुढं सरकत नाही, आणि पोट भरलेलंच असल्यामुळं मेंढरू चरणंच कमी करतं. म्हणजे रानात गवत गुडघाभर आहे आणि मेंढरू उभं आहे, असं दृश्य बघितलं असेल तुम्ही. त्याला भूक नाही असं नाही, पोटातली गिरणी बंद पडलीय.

आता हिशोब बघा. २० किलोचं कोकरू वाळलेलं गवत समजा दिवसाला ६०० ग्रॅम खातंय, त्यात ४ टक्के प्रोटीन, म्हणजे २४ ग्रॅम. ह्याला १०० ग्रॅम शेंगदाणा पेंड दिली, तिच्यात ४० टक्क्यांच्या आसपास प्रोटीन असतं, म्हणजे ४० ग्रॅम आलं. एकूण ७०० ग्रॅम आहारात ६४ ग्रॅम झालं, म्हणजे ९ टक्क्यांच्या वर गेलं. नुसत्या १०० ग्रॅमवर! आणि खरी मजा पुढं आहे, गिरणी चालू झाली की तेच कोकरू ६०० च्या जागी जास्त गवत खायला लागतं, म्हणजे पेंडीतून जेवढं मिळालं त्यापेक्षा जास्त फुकटच्या गवतातून मिळतं. ह्याच्या जागी १०० ग्रॅम मका घातला असता तर ८-९ ग्रॅम प्रोटीन आलं असतं आणि गिरणी होती तशीच राहिली असती.

म्हणून वाळक्या दिवसात पहिला पैसा पेंडीवर, मग उरला तर धान्यावर.

पेंडींमध्ये पण फरक आहे. सोयाबीनची पेंड ४४ ते ४८ टक्के प्रोटीनची, शेंगदाण्याची त्याच्या जवळपास, सरकीची टरफलासकटची असेल तर २२-२४ च्या घरात. त्यामुळं पोत्याच्या भावावर जाऊ नका, पोत्यातल्या प्रोटीनच्या भावावर जा, भाव भागिले प्रोटीनचे किलो, मोबाईलवर अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि बऱ्याचदा स्वस्त वाटणारं पोतं महाग निघतं. सरकी पेंडीत गॉसिपॉल नावाचं एक द्रव्य असतं, मोठ्या मेंढराचं कोठीपोट ते बऱ्यापैकी निकामी करतं पण लहान कोकराचं पोट तयार झालेलं नसतं, म्हणून दूधपित्या कोकरांना सरकी नको. आणि शेंगदाणा पेंड किंवा मका, बुरशीचा वास आला, हिरवट काळपट डाग दिसले, की फेकून द्या, वाळवून चालेल, थोडं थोडं मिसळून चालेल असलं काही डोक्यात आणू नका, बुरशीचं अफलाटॉक्सिन वाळवून जात नाही आणि ते थेट लिव्हरवर बसतं.

पेंडीचा एक फायदा फार कमी लोक वापरतात. ती रोज द्यायलाच पाहिजे असं नाही. मेंढराच्या शरीरात जास्तीचा नायट्रोजन युरियाच्या रूपात रक्तातून आणि लाळेतून परत कोठीपोटात येत राहतो, त्यामुळं रोज १०० ग्रॅमच्या जागी दिवसाआड २०० ग्रॅम पेंड दिली तरी काम जवळजवळ तेच होतं. कळप लांब चरत असेल आणि रोज खुराक पोचवणं जिवावर येत असेल तर हे करून बघा. दिवसाआड द्यायचा अजून एक फायदा म्हणजे एका वेळी वाटा मोठा असतो, त्यामुळं दांडगी मेंढरं सगळं हाणून टाकतात आणि गरीब बिचारी बाजूला राहतात असं कमी होतं. पण हे फक्त पेंडीचं. धान्य असं कधीही द्यायचं नाही, युरिया तर अजिबात नाही.

युरियाचं आलंच आहे तर. बॅक्टेरियाला नायट्रोजन पाहिजे, तो युरियातून पण मिळतो आणि स्वस्तात मिळतो, हे खरंय. पण तो खुराकात १ टक्क्याच्या वर नको, एकसारखा मिसळलेला पाहिजे, आणि सोबत पटकन मिळणारी एनर्जी, म्हणजे धान्य नाहीतर मळी, पाहिजेच, नाहीतर अमोनिया तयार होऊन रक्तात जातो आणि जनावर तासाभरात थरथरत, तोंडाला फेस येऊन पडतं. पाण्यात विरघळवून टाकायचा नाही, उपाशी मेंढरासमोर ठेवायचा नाही, आणि ज्यांचं दूध नुकतंच तोडलंय त्या कोकरांना नको. माझं वैयक्तिक मत, खुराकात सुटा युरिया मिसळायच्या भानगडीत पडूच नका, हात नीट बसला नाही तर एका ढेकळानं खेळ होतो. त्यापेक्षा युरिया-मळीची चाटण वीट बरी, कडक असते, मेंढरू चाटून चाटून किती चाटणार. मात्र पावसात भिजून ती मऊ पडली किंवा तिच्यावर पाणी साचलं तर ते पाणी पिऊ देऊ नका.

दुसरा सेफ रस्ता म्हणजे भुसा किंवा वाळकी वैरण युरियाची प्रक्रिया करून देणं. १०० किलो वाळल्या वैरणीला ४ किलो युरिया, साधारण ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, थर टाकत टाकत शिंपडायचा, पायानं दाबत जायचं म्हणजे आत हवा राहत नाही, वरून प्लॅस्टिक टाकून कडा गच्च बंद, आणि २१ दिवस हात लावायचा नाही. उघडल्यावर वास असा येतो की डोळ्यात पाणी, तो उडून जाऊ द्या, एक रात्र पसरून ठेवलेलं बरं. ३-४ टक्क्यांची वैरण ७-८ टक्क्यांवर जाते आणि मऊ पण पडते. फक्त मोठ्या मेंढरांना, कोकरांना नाही.

हिरवा पाला असेल तर सोन्याहून पिवळं. लसूणघास, सुबाभळीचा पाला ह्यात २० टक्क्यांच्या आसपास प्रोटीन असतं, म्हणजे ही एक प्रकारची शेतातली पेंडच आहे. सुबाभळीत मिमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं, एकूण चाऱ्याच्या एक तृतीयांशाच्या वर गेलात तर मेंढीची लोकर झडायला लागते, चेष्टा नाही, हातात गुच्छ येतात. लसूणघास ओली, दव असताना, उपाशी पोटी कधीच नाही, पोटफुगीनं मेंढरू हातचं जातं. आधी वाळलेलं काहीतरी पोटात जाऊ द्या, मग लसूणघास.

आता हिरव्या दिवसांबद्दल, जिथं धान्याचं काम येतं. गवत कोवळं आहे, प्रोटीन भरपूर आहे, पण ते वापरायला बॅक्टेरियाला एनर्जी कमी पडते, मग जास्तीचं प्रोटीन लघवीवाटे वाया जातं. इथं थोडा मका, ज्वारी, बार्ली काहीही चालतं, दूध तुटलेल्या कोकराला १०० ते २०० ग्रॅम. जास्त घातलं तर काय होतं माहितीये, ते गवतच कमी खातं. पोटाला माहितीये की संध्याकाळी मका येणारच आहे, मग दुपारी झाडाखाली बसून राहतं. वजनाच्या अर्धा टक्का, म्हणजे २० किलोच्या कोकराला १०० ग्रॅम धान्य, इथपर्यंत हा प्रकार फारसा दिसत नाही, त्याच्या वर गेलं की प्रत्येक जादा ग्रॅम धान्यामागं थोडं थोडं गवत तोंडातून सुटत जातं. त्यामुळं रान चांगलं असेल आणि वाढ बरी असेल तर मी धान्य घालतच नाही, का घालायचं, फुकट मिळतंय ते खाऊ द्या की.

आणि वेळ. सकाळी चरायला सोडायच्या आधी खुराक देऊ नका. संध्याकाळी वाड्यात आल्यावर द्या. सकाळी दिला की मेंढरं रानात जाऊन आळस करतात, आणि मग उन्हं चढतात आणि चरायचा खरा टाईम निघून जातो. संध्याकाळी दिलं तर दोन फायदे, दिवसभर भुकेनं चरतात आणि वेळेत परत पण येतात, डब्याचा आवाज काढला की लांबून पळत येतात. फक्त रान फारच उघडं असेल आणि भुकेल्या मेंढरांनी काहीही विषारी झुडूप ओरबाडायची भीती असेल, तर सकाळी थोडी वैरण टाकून सोडा.

खुराक कसा बनवायचा हे सगळेच विचारतात. मी वाळक्या दिवसात वाढत्या कोकरांसाठी १०० किलोला असं करतो: मका ५० किलो, शेंगदाणा किंवा सोयाबीन पेंड २७ किलो, गव्हाचा कोंडा १८ किलो, चुनखडीची पावडर २ किलो, मेंढ्यांचं मिनरल मिक्स्चर २ किलो, मीठ १ किलो. ह्यात प्रोटीन १८ टक्क्यांच्या जवळपास बसतं. गवत बऱ्यापैकी हिरवं असेल तर पेंड १५ वर आणायची आणि मका ६२ वर न्यायचा, प्रोटीन १५ च्या आसपास येतं, तेवढं पुरतं. मका नसेल तर ज्वारी, नसेल तर बार्ली, हे काही पोथीतलं नाही. मात्र गव्हाचे दाणे वापरणार असाल तर सांभाळून, गहू पोटात फार झपाट्यानं आंबतो, मक्यापेक्षा डेंजर.

भरडा बारीक करून आणू नका. मोठं मेंढरू दाणा व्यवस्थित चावतं, त्याला अख्खा मका पण चालतो, आणि अख्खा दाणा पोटात हळू आंबतो म्हणून उलट जास्त सेफ असतो. गिरणीचा खर्च पण वाचला. पीठ केलं तर नाकात जातं, उडतं, आणि ॲसिडिटीला आमंत्रण. एक दीड महिन्याच्या आतल्या कोकरांना तेवढा जाडसर भरडा द्या.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आता येतीये, इथं घाई करणारा माणूस मेंढरं मारतो. धान्य हळूहळू वाढवायचं. पहिल्या दिवशी डोक्याला ५० ग्रॅम, मूठभर म्हणा. दोन तीन दिवस तेच. मग ५० वाढवा, परत दोन तीन दिवस. १० ते १४ दिवसात ठरलेल्या मापावर या. कोठीपोटात गवत पचवणारे बॅक्टेरिया वेगळे आणि स्टार्च खाणारे वेगळे, अचानक स्टार्च पडला की दुसरे एकदम माजतात, लॅक्टिक ॲसिड तयार होतं आणि पोट आंबून जातं. माझ्याकडं एका रात्री खुराकाच्या खोलीची कडी नीट लागली नव्हती, चूक माझीच, सकाळी बघतो तर पाच सहा मेंढ्या पोत्यात तोंड घालून उभ्या. तेव्हा चांगल्या दिसत होत्या, मी पण म्हटलं खाल्लं तर खाल्लं. दुपारपर्यंत दोन आडव्या, पोट पाण्याच्या पखालीसारखं डुबडुबतंय, दात खातायत, आंबूस वासाची पातळ हगवण. दोन्ही गेल्या. बाकीच्यांना डॉक्टरनी वेळेत येऊन खायचा सोडा पाजला, त्या वाचल्या, पण एकीची लोकर पुढं सगळी गळाली. त्यामुळं असं काही झालं तर ती चांगली दिसतेय म्हणून थांबू नका, लगेच धान्य बंद, नुसती वाळकी वैरण पुढं टाका आणि डॉक्टरला फोन, लक्षणं दिसेपर्यंत अर्धा उशीर झालेला असतो. आणि कडीला कुलूप लावा.

ह्याच्याच जोडीचा दुसरा प्रकार म्हणजे आंत्रविषार. ह्याचे जंतू निरोगी मेंढराच्या आतड्यात पण असतात, धान्य किंवा एकदम लुसलुशीत गवत जास्त पोचलं की ते झपाट्यानं वाढतात आणि विष सोडतात. कळपातलं सगळ्यात तगडं, सगळ्यात खादाड कोकरू संध्याकाळी उड्या मारत असतं आणि सकाळी मेलेलं सापडतं. उपचाराला वेळच मिळत नाही. म्हणून खुराक चालू करायच्या आधी लस, पहिल्यांदाच टोचत असाल तर दोन डोस, मध्ये तीन चार आठवडे, आणि दुसऱ्या डोसनंतर साधारण दोन आठवडे जाऊ देऊन मगच धान्य वाढवायला लागा. लशीला कंटाळा करणारे लोक मी बघितलेत, त्यांचा हिशोब एका कोकरात चुकतो.

लस झाली की जंत. जंत पोटात असताना खुराक देणं म्हणजे गळक्या हंड्यात पाणी भरणं. पण सरसकट सगळ्या कळपाला दर महिन्याला औषध पाजत बसू नका, जंत त्या औषधाला सरावतात. खालची पापणी ओढून आतला रंग बघा, लालभडक असेल तर औषध नको, फिकट गुलाबी ते पांढरट असेल तर पाजा, कारण चराईवर सगळ्यात जास्त नुकसान करणारा जंत रक्त पितो आणि ते पापणीत दिसतं. आणि गंमत अशी की प्रोटीन बरं मिळालेलं कोकरू जंताला जास्त तोंड देतं, म्हणजे पेंड इथं पण कामाला येते.

मिनरलच्या बाबतीत एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवा: गायीम्हशींचं मिनरल मिक्स्चर मेंढरांना द्यायचं नाही. कोंबड्यांचं, डुकरांचं खाद्य पण नाही. त्यात तांबं जास्त असतं आणि मेंढीला जास्तीचं तांबं नीट बाहेर टाकता येत नाही, ते लिव्हरमध्ये साठत जातं. आठवडेच्या आठवडे काहीच दिसत नाही, मेंढरू खातंय पितंय, मग एखाद्या दिवशी प्रवासाचा किंवा कसलाही ताण आला की लिव्हर ते सगळं एकदम रक्तात सोडतं, डोळे पिवळे, लघवी काळसर लाल आणि दोन दिवसात खेळ खलास. पाकिटावर मेंढीचं चित्र आहे एवढ्यावर जाऊ नका, मागं छापलेलं वाचा, तांबं घातलंय का बघा. शेळ्या आणि मेंढ्या एकत्र असतील तर मेंढ्यांचंच मिक्स्चर ठेवा. बाकी कोबाल्ट, गंधक, सेलेनियम हे सगळं चांगल्या मिक्स्चरमध्ये असतंच. कोबाल्ट कमी असेल तर चांगल्या गवतावर पण कोकरं वाळत जातात, कारण बॅक्टेरिया त्यापासूनच बी-१२ बनवतात. गंधक लोकरीला लागतं, युरिया देत असाल तर त्याच्याकडे जरा जास्तच लक्ष द्या.

मीठ आणि पाणी कायम समोर. पाणी कमी पडलं की खाणं कमी पडतं, इतकं सरळ आहे. वाळल्या चाऱ्यावर मोठी मेंढी दिवसाला ३ ते ६ लिटर पिते, उन्हाळ्यात अजून जास्त, आणि घाण पाणी ती वास घेऊन सोडून देते.

नर कोकरं आणि मेंढे वाढवत असाल तर मुतखड्याचं बघा. धान्यात आणि खास करून कोंड्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला, ह्या बिघडलेल्या मापानं लघवीत खडे होतात आणि नराची नळी इतकी बारीक असते की एक खडा अडकला की संपलं. मेंढा सारखा ताणतोय, थेंब थेंब लघवी, पोटाकडे मान वळवून बघतोय, तर बद्धकोष्ठ समजून तेल पाजत बसू नका, डॉक्टर बोलवा. कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट असावं हे माप, म्हणून वरच्या मिश्रणात चुनखडी घातलीय आणि कोंडा स्वस्त मिळतोय म्हणून त्याचं माप वाढवायचं नाही. जास्त दिवस धान्यावर ठेवायचे नर असतील तर अमोनियम क्लोराईड अर्धा टक्का घालतात, मीठ थोडं वाढवतात म्हणजे पाणी जास्त पिऊन नळी धुतली जाते.

आता सगळ्यात जास्त फायदा कुठं आहे ते सांगतो, दूधपित्या कोकरांमध्ये. लहान कोकराच्या अंगावर मांस आणि हाड चढतं, चरबी नाही, त्यामुळं थोड्या खाण्यात जास्त वजन येतं, मोठं झालं की त्याच एक किलो वजनाला दुप्पट खाणं लागतं. कोकरं दूध पीत असतानाच त्यांना आयांपासून वेगळा खुराक द्यायचा, ह्याला क्रीप फीडिंग म्हणतात. वाड्यात एक कोपरा असा आडवा करायचा की फटीतून कोकरं आत जातील पण आया नाही जाणार, फट साधारण १८-२० सेंटीमीटर, कळपातल्या सगळ्यात बारीक मेंढीचं डोकं अडकत नाही ना बघून घ्या. दहाव्या पंधराव्या दिवसापासून तिथं मूठभर चांगल्या वासाचा, १८ ते २० टक्के प्रोटीनचा खुराक ठेवायचा. पहिल्या दोन आठवड्यात खातच नाहीत, नुसतं तोंड लावून पसरवतात, तुम्हाला वाटेल वाया चाललंय. रोज उरलेलं काढून मोठ्यांना टाका आणि ताजं ठेवा, उष्टं थुंकीनं भिजलेलं कोकरू खात नाही. जागा कोरडी पाहिजे, ओल्यात कोक्सिडिया नावाच्या आतड्यातल्या परजीवीची रक्ती हगवण लागते आणि तेवढ्या एका गोष्टीनं सगळं मुसळ केरात.

कोपरा करायला जमत नसेल तर निदान एवढं करा, दूध तोडायच्या आधी आयांना जेव्हा खुराक देता तेव्हा कोकरांना शेजारी राहू द्या. आईनं खाल्लेलं बघून आणि चार पाच वेळा चाखून जे शिकतात ते पुढं महिन्यांनी पण विसरत नाहीत. न शिकलेलं कोकरू आठवडा आठवडा मक्याकडं बघत पण नाही, आणि नेमका तोच दूध तुटल्याचा अवघड आठवडा असतो.

मेंढ्यांचं थोडक्यात. मेंढा सोडायच्या दोन तीन आठवडे आधीपासून २५०-३०० ग्रॅम धान्य दिलं तर जुळी द्यायचं प्रमाण वाढतं, पण हे मध्यम ते बारीक मेंढीवरच चालतं, जाड मेंढीवर नाही. कंबरेवर, शेवटच्या बरगडीमागं हात दाबून बघा, मणक्याची टोकं चाकूसारखी लागतायत तर बारीक, शोधावी लागतायत तर जाड. आणि गाभणपणाचे शेवटचे सहा आठवडे, तेव्हा पोटातल्या कोकराची जवळजवळ ७० टक्के वाढ होते आणि पोटात चाऱ्याला जागा कमी उरते, त्यामुळं तेव्हा थोडक्यात ताकदीचं द्यायला लागतं. जन्माला वजनदार आलेलं कोकरू पुढं पण पुढंच राहतं, म्हणजे कोकराचा खुराक खरा तिथूनच सुरू होतो.

गव्हाण जमिनीपासून वर पाहिजे, मेंढरांनी त्यात उभं राहून लेंड्या टाकल्या की जंत परत पोटात. मोठ्याला ३०-४० सेंटीमीटर, कोकराला २०-३० सेंटीमीटर जागा द्या, सगळ्यांना एकाच वेळी तोंड लागलं पाहिजे, नाहीतर तुमचं डोक्याला २०० ग्रॅम हे कागदावर राहतं आणि प्रत्यक्षात एकाला ५०० आणि एकाला शून्य.

आणि हे सगळं चाललंय का नाही ते वजनावर कळतं, डोळ्यावर नाही. डोळ्याला पोट दिसतं. काटा नसेल तर टेप घ्या, पुढच्या पायांच्या लगेच मागं छातीचा घेर, आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी, दोन्ही सेंटीमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले १०,८००. घेर ७०, लांबी ६० असेल तर २७ किलो येतं. अंदाज आहे, लोकर जास्त असेल तर टेप दाबून धरा. दर पंधरा दिवसांनी, सकाळी, पाणी पाजायच्या आधी, नाहीतर पोटातलं पाणीच मोजाल. सगळी नको, दहा बारा खूण केलेली कोकरं पुरतात.

चार पाच कोकरं खुराकाशिवाय ठेवा, जिवावर येतं पण ठेवा. समजा बिनखुराकाची दिवसाला ५० ग्रॅम वाढली आणि २५० ग्रॅम खुराकाची १०० ग्रॅम, तर तुमच्या खुराकानं ५० ग्रॅमच वाढवलेत, १०० नाही. म्हणजे एक किलो जादा वजनाला ५ किलो खुराक गेला. आता ५ किलो खुराकाचा भाव आणि एक किलो जिवंत वजनाचा भाव शेजारी लिहा. तोटा दिसला तर आधी माप कमी करून बघा, खुराक लगेच बंद करू नका, बऱ्याचदा पहिल्या १०० ग्रॅमनं काम केलेलं असतं आणि पुढचे १५० नुसते गवताच्या जागी गेलेले असतात.

थांबायचं कधी? पुढच्या महिन्याभरात हिरवं गवत येणार असेल आणि दूध तुटलेली कोकरं चार महिन्यांच्या पुढची असतील, तर आत्ता जोर लावू नका, नुसतं वजन उतरणार नाही एवढ्या पेंडीवर ठेवा. बेताच्या खाण्यावर राहिलेलं मेंढरू हिरवं मिळाल्यावर झपाट्यानं भरून काढतं, तुम्ही महागानं आणलेली पुढची दोन किलो ते फुकट चढवतं. लहान कोकराला मात्र हे लागू नाही, पहिल्या दोन तीन महिन्यात खुंटलेलं पुरतं भरून निघत नाही. आणि बंद करताना पण एका दिवसात नको, आठवडाभर थोडं थोडं कमी करत आणा. पहिले एक दोन दिवस डब्याकडं बघून ओरडतील, ओरडू द्या.